‘नोंदवण्यात आली आहे’: कर्ता नसलेल्या गद्याविषयी

दहावीच्या मराठीच्या पेपरात पत्रलेखन असायचं. विनंतीपत्र, मागणीपत्र, तक्रारपत्र. ‘प्रति, मा. व्यवस्थापक’, मग विषय, मग ‘महोदय’, मग मजकूर आणि खाली ‘आपला विश्वासू, अ. ब. क.’ मागवलेली पुस्तकं फाटकी निघाली, गल्लीतला कचरा आठवडाभर उचललेला नाही, वीजबिल चुकीचं आलंय. आपण कधीच न मागवलेल्या पुस्तकांवरून अतिशय नम्र शब्दांत भांडलो आणि मार्क मिळवले. त्या पत्राला उत्तर आलं तर ते कसं वाचायचं, हे मात्र कुठल्याच इयत्तेत नव्हतं.

आणि आता वाचतो ती फक्त उत्तरंच. रिफंडबद्दलचा मेल, अडकलेल्या यूपीआय पेमेंटबद्दलचा एसएमएस, चॅटच्या खिडकीतलं ‘हाय! मी तुमची काय मदत करू शकते?’ माझ्यापुरतं सांगायचं तर वर्षभरात मी जेवढ्या कथा वाचतो त्याहून जास्त कस्टमर सपोर्टचं गद्य वाचतो. माझ्या वयाच्या बहुतेकांचं तेच असावं. इतका मोठा वाचकवर्ग असलेल्या या साहित्यप्रकाराची समीक्षा कुणी करत नाही. सगळे फक्त चिडतात. चिडणं रास्त आहे, पण चिडलेला माणूस वाक्य नीट वाचत नाही, आणि ही वाक्यं नीट वाचण्यासारखी आहेत.

माझ्याकडे अभ्यासाला साहित्य आहे. गेल्या वर्षी पुण्यातल्या पुण्यात घर बदललं तेव्हा इंटरनेटचं कनेक्शन जुन्या घरातून नव्या घरात ‘शिफ्ट’ करायचं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तुम्ही तुमच्या मनात जे नाव घातलंत तेही चालेल. सत्तेचाळीस दिवस लागले. त्या काळात कंपनीकडून एकोणीस मेल इंग्रजीत आले आणि सहा एसएमएस मराठीत. मी ते सगळे एका फाइलीत उतरवले आणि कॉलेजात असताना एखाद्या कवितेतल्या प्रतिमांवर खुणा करायचो तशा त्यांतल्या क्रियापदांवर खुणा केल्या.

पहिला मराठी एसएमएस असा होता: ‘आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे.’ कुणी नोंदवली? व्याकरणाच्या तासाला हा प्रश्न विचारला असता तर बाईंनी ‘कर्ता अध्याहृत’ म्हणून पुढे जाऊ दिलं असतं. पण अध्याहृत म्हणजे सांगितला नाही तरी कळतो असा. इथे तो कळत नाही. दुसरा एसएमएस: ‘तांत्रिक कारणामुळे आपल्या विनंतीवर प्रक्रिया होऊ शकली नाही.’ तिसरा: ‘आपल्या विनंतीची पूर्तता करण्यात आली आहे.’ (झाली नव्हती.) चौथ्यात गैरसोय ‘झाली’ होती आणि तिच्याबद्दल खेद ‘आहे’. ‘दिलगीर आहोत’ असंसुद्धा नाही, नुसताच ‘खेद आहे’, म्हणजे धुकं आहे किंवा दमट हवा आहे तसा.

मराठीत अशी काही क्रियापदं आहेत ज्यांना कर्ता लागतच नाही. उजाडलं. सांजावलं. गडगडतंय. शाळेत याला अकर्तृक भावे प्रयोग म्हणायचे, काही पुस्तकांत भावकर्तरी. उजाडण्याला कुणी माणूस जबाबदार नसतो, म्हणून भाषेने ती सोय करून ठेवली. सपोर्टच्या गद्याने माणसांनी केलेल्या गोष्टी या खात्यात नेऊन टाकल्या आहेत. तुमचं रिचार्ज अडकलं, जसं आभाळ भरून आलं. खातं बंद झालं, जसा पाऊस थांबला. आता पावसावर कोण चिडणार?

हे इंग्रजीतून आलंय असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. ‘सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की’ हे वाक्य आपल्या सरकारी मराठीत कॉल सेंटर यायच्या कितीतरी आधीपासून आहे. कर्ता दडवायची कला आपल्याकडे घरचीच. फक्त सरकारी कचेरीत वाक्यात कर्ता नसला तरी खिडकीत असायचा. ‘साहेब जेवायला गेलेत’ हे उत्तर संतापजनक असेल, पण त्यात साहेब आहे, त्याला पोट आहे, आणि तो परत येणार आहे.

एकोणीस इंग्रजी मेलमधली क्रियापदं मोजताना मात्र एक वेगळीच गोष्ट दिसली आणि तिच्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला. मराठी एसएमएसमध्ये ‘मी’ कुठेच नव्हता. इंग्रजी मेलमध्ये होता. जवळजवळ प्रत्येक मेलमध्ये होता. पण तो ठरावीक क्रियापदांबरोबरच यायचा: मी समजू शकतो, मी दिलगीर आहे, मी खात्री देतो, मी आपला आभारी आहे. तंत्रज्ञ पाठवणं, तारीख बदलणं, विनंती रद्द करणं, पैसे कापणं या क्रियापदांजवळ आलं की ‘मी’ गायब आणि वाक्य कर्मणी. म्हणजे भावना प्रथमपुरुषी एकवचनी आणि कृती निनावी. ज्याने काही केलेलं नाही तो माफी मागतोय, आणि ज्याने केलंय त्याचं वाक्यात नाव नाही. सातव्या मेलमध्ये तर एकाच परिच्छेदात तीनदा समजून घेतलं गेलं होतं आणि त्याच परिच्छेदात माझी विनंती ‘रद्द झाली’ होती.

‘दिलगीर’ हा फारसीतून आलेला शब्द. त्यात दिल आहे. मन धरलं गेलेला, खिन्न झालेला माणूस तो दिलगीर. या गद्यात दिलगिरी इतकी आहे की एखाद्या उर्दू शायराला पुरावी. तरीही वाचताना कुणाचं मन कुठेच लागत नाही, कारण ही दिलगिरी पहिल्या ओळीत, प्रश्न वाचायच्या आधीच आलेली असते.

मेलच्या खालची नावंही सांगतो. एकोणीस मेल, चौदा नावं. प्रत्येकाने सुरुवातीपासून विचारलं. त्यातली किती नावं खरी असतील कुणास ठाऊक. आशिम अहलुवालिया यांची ‘जॉन अँड जेन’ ही २००५ सालची डॉक्युमेंटरी मुंबईतल्या कॉल सेंटरमध्ये रात्री अमेरिकन ग्राहकांचे कॉल घेणाऱ्या मुलामुलींवर आहे. तिथे नोकरीबरोबर अमेरिकन नाव आणि अमेरिकन उच्चार मिळायचे. तेव्हा आपण त्याकडे जागतिकीकरणाची गंमत म्हणून पाहिलं. पण नाव हे माणसापासून सुटं करून कामाला चिकटवता येतं, हा शोध तिथेच पक्का झाला. आज चॅटबॉटला मुलीचं नाव आणि हसरा चेहरा देतात तो त्याच शोधाचा पुढचा भाग.

इथे थोडं आतल्या बाजूचं सांगतो, कारण पोटासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो आणि तिकीट सिस्टिम जोडून देण्याचं काम काही वर्षं जवळून पाहिलंय. सपोर्टमध्ये वाक्यं लिहीत नाहीत, निवडतात. प्रत्येक वाक्याला एक क्रमांक किंवा नाव असतं, मध्ये रिकाम्या जागा असतात: ग्राहकाचं नाव, ऑर्डर नंबर, तारीख. एजंट बटण दाबतो आणि परिच्छेद उमटतो. त्याला स्वतःचं वाक्य लिहायला मनाई असतेच असं नाही, पण वेळ नसतो. एका ग्राहकावर सरासरी किती मिनिटं गेली ते मोजलं जातं आणि ते त्याच्या पगाराला जोडलेलं असू शकतं.

तुम्हाला कधी असा अनुभव आलाय का, की तीन वेळा स्क्रीनशॉट पाठवूनही चौथ्यांदा ‘कृपया स्क्रीनशॉट पाठवा’ असा मेल येतो? आपल्याला वाटतं की समोरचा मठ्ठ आहे. तसं असेलच असं नाही. बऱ्याच तिकीट सिस्टिममध्ये ‘ग्राहकाच्या उत्तराच्या प्रतीक्षेत’ अशी एक अवस्था असते. तिकीट त्या अवस्थेत गेलं की कंपनीच्या बाजूचं घड्याळ थांबवता येतं. अठ्ठेचाळीस तासांत उत्तर द्यायचं असेल तर ते अठ्ठेचाळीस तास तुमच्या स्क्रीनशॉटची वाट बघत गोठून राहतात. तुम्ही काही दिवस गप्प राहिलात तर तिकीट आपोआप बंद होतं. काही ठिकाणी बंद झालेलं तिकीट उघडत नाही, नवं काढावं लागतं, आणि आकडेवारीत जुनं ‘सोडवलेलं’ म्हणून राहतं. म्हणजे तो प्रश्न माहितीसाठी विचारलेला नसतो. नाटकात पात्राला विंगेत पाठवण्यासाठी ‘जरा पाणी आण’ म्हणतात, त्या जातीचं ते वाक्य आहे.

मराठीची अडचण तर मजेशीर आहे. रिकाम्या जागेत शब्द घालायचा म्हटलं की लिंग आडवं येतं. ‘आपला’ पंखा, ‘आपली’ इस्त्री, ‘आपलं’ कपाट. आला, आली, आलं. यंत्राला वस्तूचं लिंग माहीत नसतं. मग भाषांतर करणारा पळवाट काढतो: ‘आपल्या वस्तूची डिलिव्हरी करण्यात आली आहे.’ डिलिव्हरी स्त्रीलिंगी, प्रश्न मिटला. ‘करण्यात आली’ हे प्रकरण त्यामुळे सगळीकडे पसरतं, आणि विचारलं तर सांगतात की तांत्रिक मर्यादा आहे. पण कर्त्याच्या बाबतीत ही सबब मराठीत टिकतच नाही. ‘राहुल यांनी आपली तक्रार वाचली.’ ‘स्नेहा यांनी आपली तक्रार वाचली.’ भूतकाळात क्रियापद तक्रारीप्रमाणे चालतं, वाचणाऱ्याप्रमाणे नाही. ‘यांनी’च्या आधी कुठलंही नाव घाला, वाक्य बिघडत नाही. पाच मिनिटांचं काम आहे. मराठीने यंत्राला कर्ता सांगण्याची आयती सोय करून दिलेली आहे आणि ती कुणी वापरत नाही, कारण प्रश्न व्याकरणाचा नाहीच.

‘ऑफिस ऑफिस’ आठवतंय? २००१ साली सब टीव्हीवर सुरू झालेली मालिका. पंकज कपूरचा मुसद्दीलाल दर वेळी वेगळ्या कचेरीत जातो आणि दर वेळी तीच मंडळी निरनिराळ्या खात्यांची टेबलं अडवून बसलेली असतात. लहानपणी ती आम्ही हसत बघायचो. आता पुन्हा काही भाग बघितले तर हसू येतंच, पण थोडा हेवाही वाटतो. मुसद्दीलालला कुणाचा राग करायचा ते माहीत आहे. प्रत्येकाला नाव आहे, प्रत्येकाची एक लकब आहे, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाला मुसद्दीलालकडून काहीतरी हवं आहे. चहा हवाय, समोसा हवाय, पैसे हवेत. लाच वाईटच, तिचं समर्थन नाही. पण लाच मागणारा माणूस निदान तुमच्याशी बोलत असतो. चॅटच्या खिडकीपलीकडच्याला तुमच्याकडून काहीच नको असतं, शेवटी एक ते पाचमधला आकडा सोडून.

काफ्काचं नाव या विषयात येणार हे तुम्ही धरूनच चालला असाल. सरकारी फेऱ्यांना ‘काफ्कास्क’ म्हणायची इतकी सवय झालीये की त्याचं प्रत्यक्ष काय वाचलं ते विसरायला होतं. ‘द कॅसल’ त्याच्या मृत्यूनंतर १९२६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एक टेलिफोन आहे. नायक के. गावातल्या खानावळीतून गढीवर फोन लावतो तेव्हा रिसीव्हरमधून गुणगुण ऐकू येते, खूप दूरवरच्या असंख्य पोरांच्या आवाजांसारखी. पुढे गावचा प्रमुख त्याला समजावतो की त्या फोनमधली खरी, विश्वासार्ह गोष्ट ती गुणगुणच. बाकी पलीकडून आलेल्या उत्तराला काही अर्थ नाही, एखाद्या थकलेल्या अधिकाऱ्याने गंमत म्हणून दिलेलं असेल. होल्डवर ठेवल्यावरच्या संगीताबद्दल याहून अचूक मी तरी काही वाचलेलं नाही. काफ्का प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत १९०८ ते १९२२ नोकरीला होता. म्हणजे तो खिडकीच्या आतल्या बाजूला बसत होता. अशा कागदपत्रांचं गद्य त्याने बाहेरून ऐकलेलं नव्हतं, पगार घेऊन लिहिलेलं होतं.

होल्डच्या संगीताचा विषय निघालाच आहे तर: जगभरच्या असंख्य ऑफिस फोनवर वाजणारी एक सिंथेसायझरची धून आहे, ‘ओपस नंबर वन’. सिस्को कंपनीच्या फोन सिस्टिममध्ये ती आधीपासून भरलेली असते. १९८९ साली टिम कार्लटन आणि डॅरिक डील या दोन पोरांनी ती घरच्या घरी रेकॉर्ड केली होती. डील पुढे सिस्कोत लागला आणि धून फोनमध्ये गेली. ती ऐकून डोकं फिरलेल्या लोकांनाही माहीत नसतं की एवढ्या सगळ्या प्रकारात कर्ता माहीत असलेली तीच एक गोष्ट आहे.

आता चॅटबॉट. इथे ‘मी समजू शकतो’ म्हणणाऱ्या ‘मी’चा प्रश्न थेट कोर्टासारख्या जागी गेला, आणि ती घटना या सगळ्या साहित्यप्रकारावरची सगळ्यात चांगली टीका आहे असं मला वाटतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅनडातल्या एका माणसाची आजी वारली. व्हँकूव्हरहून टोरांटोला जायचं होतं. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटला त्याने विचारलं की घरात मृत्यू झाल्यास तिकिटात जी सवलत मिळते तिचं काय. चॅटबॉटने सांगितलं की आत्ता तिकीट काढा, नव्वद दिवसांच्या आत अर्ज केलात तर सवलतीचे पैसे परत मिळतील. त्याने काढलं. नंतर कंपनी म्हणाली की आमच्या नियमात प्रवास झाल्यावर अशी सवलत मागता येत नाही. चॅटबॉटचे शब्द दिशाभूल करणारे होते हे कंपनीच्या प्रतिनिधीने मान्य केलं, पण पैसे दिले नाहीत. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या नागरी न्यायाधिकरणापुढे गेलं. तिथे कंपनीचा बचाव असा होता की चॅटबॉटने दिलेल्या माहितीला ती जबाबदार धरली जाऊ शकत नाही. चॅटबॉट जणू स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे आणि आपल्या कृत्यांना तोच जबाबदार आहे असं कंपनी सुचवते आहे, असा त्याचा अर्थ न्यायाधिकरणाने लावला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला. व्याज आणि फी धरून साधारण आठशे बारा कॅनेडियन डॉलर द्यायला सांगितले.

रक्कम किरकोळ आहे. पण युक्तिवाद बघा. इतकी वर्षं कर्ता वाक्यातून काढून टाकत नेला, मग त्याच्या जागी हसऱ्या चेहऱ्याचा एक ‘मी’ बसवला, आणि त्या ‘मी’ला कुणी खरा धरला तेव्हा सांगितलं की तो आमच्यापैकी नव्हेच. गावात एखाद्याने जत्रेत देव अंगात आणून नवस कबूल करून घ्यावा आणि नंतर म्हणावं, ‘मी कुठे बोललो, देव बोलला.’

माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात चांगला सिनेमा केन लोच यांचा ‘आय, डॅनियल ब्लेक’ आहे. २०१६ साली त्याला कान महोत्सवात पाम दोर मिळाला. त्यावर ‘ब्रिटनमधल्या गरिबीवरचा सिनेमा’ असा शिक्का बसला आहे, आणि तो चुकीचा नाही. पण पटकथाकार पॉल लॅव्हर्टी यांनी तो भाषेवर लिहिलाय, हे फार कमी बोललं जातं.

सुरुवातीला पडदा काळा आहे. नुसते आवाज. न्यूकॅसलचा एकोणसाठ वर्षांचा सुतार, कामावर असताना हृदयविकाराचा झटका आलेला, भत्त्यासाठीच्या तपासणीला बसलाय. पलीकडची बाई फॉर्ममधले प्रश्न विचारते: हात वर नेता येतो का, वरच्या खिशात काही ठेवता येईल का. तो सांगत राहतो की माझे हातपाय नीट आहेत, दुखणं हृदयाचं आहे. हृदयाचा प्रश्न फॉर्ममध्ये येत नाही. तो विचारतो, तुम्ही नर्स आहात की डॉक्टर? ती सांगते की ती ‘आरोग्य व्यावसायिक’ आहे. पडदा काळा ठेवण्याचं कारण मला दुसऱ्यांदा बघताना कळलं. चेहरा दिसला असता तर आपण त्या बाईला जबाबदार धरून मोकळे झालो असतो.

मग भत्ता नाकारल्याचं पत्र येतं. तो फोन लावतो. होल्डवर विवाल्डीचा ‘वसंत’ वाजत राहतो. एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांनी कुणीतरी उचलतं. फुटबॉलची मॅच याच्याआधी संपते, असं तो म्हणतो. त्याला सांगण्यात येतं की पत्र यायच्या आधी ‘निर्णय घेणाऱ्याचा’ फोन यायला हवा होता. तो आलेला नाही, म्हणून फेरविचाराची मागणी करता येत नाही. आधी फोन येऊ दे. कधी येईल? सांगता येत नाही. इथे इंग्रजीतला जो शब्द वापरलाय, ‘डिसिजन मेकर’, तो या सिनेमाचा खलनायक आहे. पूर्ण सिनेमाभर तो दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही, त्याला नाव नाही. तो पदनाम असलेला अध्याहृत कर्ता आहे.

सरकारी कचेरीतल्या माणसांना लोच सरसकट वाईट ठरवत नाहीत. अ‍ॅन नावाची एक कर्मचारी आहे. आयुष्यात कधी कम्प्युटरला हात न लावलेल्या डॅनियलला ऑनलाइन फॉर्म भरता येत नाही, माउस स्क्रीनवर फिरवा म्हटल्यावर तो खरंच माउस उचलून स्क्रीनवर लावतो. अ‍ॅन त्याच्या शेजारी बसून मदत करते. तिची वरिष्ठ तिला आत बोलावते आणि झापते: असं केल्याने पायंडा पडतो. त्या इमारतीत एकच माणूस स्वतःहून एक क्रिया करतो आणि तिलाच बोलणी बसतात. मला माझ्या फाइलीतले ते चौदा जण आठवले. त्यांच्यात एखादी अ‍ॅन असेलही. तिने तंत्रज्ञाला स्वतः फोन करायचं ठरवलं असतं तर तिची मिनिटं वाढली असती.

आणि मग ती भिंत. डॅनियल स्प्रे कॅन घेऊन कचेरीच्या बाहेरच्या भिंतीवर लिहितो. सुरुवात ‘मी’ने, पुढे स्वतःचं पूर्ण नाव, पुढे मागणी करणारं क्रियापद: उपासमारीने मरण्याआधी मला अपिलाची तारीख हवी. आणि जाता जाता, फोनवरचं ते भिकार संगीत बदला. सिनेमाचं नाव या वाक्यातून आलंय. दीड तास आपण ज्या भाषेत गुदमरतो तिच्यात ‘मी’ फक्त सहानुभूतीपुरता असतो. इथे पहिल्यांदा ‘मी’, नाव आणि कृती एका वाक्यात येतात, आणि ते लिहायला त्याला कंपनीच्या फॉर्ममध्ये जागा नसल्यामुळे भिंत लागते. संगीताचं शेपूट मला फार आवडतं. उपाशी मरायची भीती असलेल्या माणसाला ते संगीतही आठवतं. खरी तक्रार अशीच असते, तिच्यात मोठं आणि फुटकळ एकत्र येतं. जवळपास पावणेचार हजार वर्षांपूर्वी ऊर शहरातल्या एआ-नासिर या व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाने मातीच्या पाटीवर लिहिलेली तक्रार ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिचे मीम तुम्ही पाहिले असतील. तांबं निकृष्ट निघालं हा मुद्दा आहेच, पण माझ्या माणसाशी तू तुच्छतेने वागलास याचा राग त्यात निम्मा आहे.

सिनेमाचा शेवट मला मात्र तेवढा पटत नाही. अपिलाच्या दिवशीच डॅनियल मरतो आणि त्याने लिहून ठेवलेलं निवेदन अंत्यविधीत वाचून दाखवलं जातं: आपण ग्राहक नाही, सेवा वापरणारे नाही, नागरिक आहोत. बोलणं योग्य आहे, पण ते फार घासूनपुसून आलेलं आहे. भिंतीवरच्या वाक्यात जो खडबडीतपणा होता तो इथे नाही. शिवाय ‘ग्राहक नाही, नागरिक’ ही विभागणी न्यूकॅसलच्या सरकारी कचेरीत लागू पडते. आपल्याकडे गेल्या दहा वर्षांत नागरिकाची कितीतरी कामं ॲपवर आली आणि ग्राहकाची भाषा बोलायला लागली. मध्यरात्री अडकलेल्या पेमेंटपुढे मी नागरिक आहे की ग्राहक, हे ठरवून काय फरक पडतो? दोन्हीकडे ‘प्रक्रिया सुरू आहे’.

मला जास्त उपयोगी वाटतं ते आपल्याच एका कायद्याचं व्याकरण. माहिती अधिकार कायदा, २००५. त्यात अर्ज ‘जन माहिती अधिकाऱ्या’कडे जातो, तीस दिवसांची मुदत असते, आणि कलम २० नुसार विनाकारण उशीर केला तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड त्या अधिकाऱ्यावर बसतो. खात्यावर नाही, अधिकाऱ्यावर. माहिती नाकारली तर अपील कुणाकडे करायचं तेही उत्तरातच कळवावं लागतं. त्यामुळे माहिती अधिकारातलं उत्तर कितीही रुक्ष आणि कितीही टाळाटाळीचं असलं तरी खाली सही असते. दंडाच्या भीतीने का होईना, वाक्याला कर्ता मिळतो. हा कायदा कसा वाकवला गेला, आयोगांपुढे अपिलं कशी तुंबली, हे सगळं खरं आहे, पण इथे मुद्दा वाक्याचा आहे.

खासगी कंपन्यांना तो लागू नाही. त्यांच्यासाठी २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम आहेत. त्यानुसार कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रार मिळाल्याची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यायची आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं. पोच द्यायची म्हटल्याबरोबर कंपन्यांनी ती यंत्रावर टाकली, म्हणून ‘आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे’ हे या साहित्यप्रकारातलं सगळ्यात वक्तशीर वाक्य आहे. पण त्याच नियमात आणखी एक गोष्ट आहे, जी फारशी कुणी वाचत नाही: त्या अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क प्लॅटफॉर्मवर दाखवायचा. नाव. म्हणजे प्रत्येक खरेदीच्या ॲपमध्ये कुठेतरी एका खऱ्या माणसाचं नाव लिहिलेलं असायला हवं. माझ्या फोनवरच्या एका ॲपमध्ये मी ते शोधलं. प्रोफाइल, मग मदत, मग ‘अधिक’, मग कायदेशीर माहिती, मग अटी, मग तक्रार धोरण, आणि तिथून ब्राउझरमध्ये उघडणारी एक फाइल, जी फोनवर दोन बोटांनी मोठी करावी लागते. सात टॅप. नाव होतं. त्याखालचा ईमेल आयडी कॉपी होत नव्हता, तो चित्रात होता.